अर्ध्या डोक्याचं दुखणं, पुऱ्या घराचा प्रश्न

बायकांच्या आरोग्याबद्दल स्त्री-चळवळीत आपण खूप बोललो. बाळंतपण, अंगात रक्त कमी असणं, अंगावरून पांढरं जाणं, गरज नसताना गर्भपिशवी काढण्याची घाई, गर्भलिंगनिदान. ह्या साऱ्यांवर शिबिरं झाली, पुस्तिका निघाल्या, मोर्चे निघाले. ते आवश्यकच होतं. पण एक दुखणं आपल्या यादीत सहसा येत नाही. ते गर्भाशयात नाही, डोक्यात आहे. त्यानं बाई मरत नाही आणि तिला कुठं जखमही दिसत नाही. महिन्यातून दोनतीन दिवस ती अंधारात तोंड फिरवून पडते, ओकते आणि संध्याकाळी उठून कणीक भिजवते. तिला अर्धशिशी आहे. डॉक्टर त्याला मायग्रेन म्हणतात.

मी कामोठ्यात बचत गटांतल्या आणि घरकाम करणाऱ्या बायकांबरोबर काम करते. आमच्या बैठकीत तब्येतीचा विषय निघाला की कंबर, गुडघे, पाळी यांच्याबद्दल बायका आपणहून बोलतात. डोक्याबद्दल विचारावं लागतं. विचारलं की चारपाच हात वर होतात आणि मग प्रत्येकीचं वाक्य जवळपास सारखंच असतं: "ते काय ताई, माझं डोकं दुखतंच." ह्या ‘च’मध्ये सगळं आलं. जे दुखतंच, त्याला औषध कशाला? जे आईचंही दुखायचं, आजीचंही दुखायचं, ते बाईपणाचाच एक भाग असणार!

माझं म्हणणं असं की ही समजूत आपण बदलायला हवी. अर्धशिशी हा आजार आहे, त्याला उपचार आहेत आणि त्याची निमित्तं टाळणं ही एकट्या बाईच्या हातातली गोष्ट नाही.

नखरे, टेन्शन आणि विनोद

डोकेदुखीवर जितके विनोद झाले असतील तितके दुसऱ्या कुठल्या दुखण्यावर झाले नसतील. ‘आज माझं डोकं दुखतंय’ हे बायकोचं वाक्य म्हणजे नवऱ्याला जवळ येऊ न देण्याचं कारण, असं मानून पिढ्यान्‌पिढ्या हसू पिकवलं गेलं. हा विनोद केवळ आपल्याकडचा नाही. जोआना केम्पनर ह्या अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मायग्रेन आणि लिंगभेदाच्या राजकारणावर २०१४ साली पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘नॉट टुनाइट’, म्हणजे ‘आज रात्री नको’ असं आहे.

विनोद सोडून द्या, वैद्यकशास्त्रही ह्यात मागे नव्हतं. अमेरिकेतले नामवंत डॉक्टर हॅरॉल्ड वुल्फ यांनी १९३० च्या दशकात मायग्रेनच्या रुग्णांचा एक खास स्वभाव असतो असं मांडलं. ही माणसं अति नीटनेटकी, हट्टी, महत्त्वाकांक्षी, राग दाबून ठेवणारी असतात असं ते वर्णन. हा विचार पुढे अनेक वर्षं टिकला. त्याचा अर्थ बायकांपर्यंत असा पोचला, की दुखणं तुझ्या डोक्यात नाही, तुझ्या स्वभावात आहे. आजही कामोठ्यातल्या एखाद्या दवाखान्यात बाईनं ‘डोकं दुखतं’ म्हटलं की ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला फुकट मिळतो. टेन्शन कोण घेतं? टेन्शन दिलं जातं. पण तो मुद्दा थोडा पुढे.

लग्न ठरवताना तर हे दुखणं लपवलं जातं. मुलीला अर्धशिशी आहे हे कळलं तर ‘आजारी मुलगी गळ्यात मारली’ असं सासरचे म्हणतील ही धास्ती. मग लग्नानंतर पहिला झटका येतो तेव्हा नवी सून कामाच्या दिवशी झोपून राहिली एवढंच घराला दिसतं.

आजार आहे, स्वभाव नव्हे

मायग्रेन म्हणजे नुसती जोराची डोकेदुखी नव्हे. औषध घेतलं नाही किंवा लागू पडलं नाही तर झटका ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकतो. बहुतेक वेळा डोक्याची एक बाजू दुखते, म्हणून आपल्या भाषेत अर्धशिशी आणि आयुर्वेदात अर्धावभेदक. काहींचं मात्र दोन्हीकडे दुखतं. दुखणं ठसठसतं, जिना चढला किंवा वाकून केर काढला की वाढतं. सोबत मळमळ, उलटी असते. उजेड आणि आवाज सोसत नाही. असे पाच झटके येऊन गेले असतील, त्यात ही लक्षणं जुळत असतील आणि दुसरं कारण दिसत नसेल, तर डॉक्टर निदान करू शकतात. त्यासाठी रोग्याचं म्हणणं नीट ऐकावं लागतं. महागडा स्कॅन बहुतेकींना लागत नाही. आणि केलेला स्कॅन ‘नॉर्मल’ आला तर ‘बघ, काही झालेलं नाही’ असा त्याचा अर्थ नव्हे. मायग्रेनमध्ये स्कॅन सहसा नॉर्मलच येतो.

साधारण तीनचार रुग्णांत एकीला झटक्याआधी काही वेगळं जाणवतं. डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेघा दिसतात, नजरेचा एक तुकडा पुसल्यासारखा होतो, बोटांना मुंग्या येतात, शब्द अडखळतात. हे ५ मिनिटांपासून तासाभरापर्यंत राहतं. ह्याला ‘ऑरा’ म्हणतात. पहिल्यांदा हे झालं की बाई घाबरते. घरातले ‘बाहेरचं काही’ म्हणून अंगारा लावतात. ह्यात बाहेरचं काही नाही. मेंदूच्या पृष्ठभागावर विजेच्या हालचालीची एक लाट सरकते, तिचा हा परिणाम.

दुखण्यामागे चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या संवेदना वाहणारी मोठी नस आणि तिच्या टोकांशी सुटणारी रसायनं आहेत. त्यांतल्या सीजीआरपी नावाच्या रसायनाची मायग्रेनमधली भूमिका शोधणं आणि त्यावरून निघालेले उपचार यासाठी लार्स एडविन्सन, पीटर गोड्सबी, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसेन या चौघांना २०२१ चं ‘ब्रेन प्राइझ’ मिळालं. म्हणजे ज्याला आपण नखरा म्हणत होतो, त्याचं रसायन रक्तात मोजून झालं आहे.

किती जणींना हा त्रास आहे? बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतल्या संशोधकांनी कर्नाटकात, बंगळूर शहरात आणि आसपासच्या खेड्यांत, घरोघर जाऊन पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. १८ ते ६५ वयाच्या माणसांत दर चारांमागे एकाला वर्षभरात मायग्रेन होऊन गेलेला आढळला, आणि बायकांत हे प्रमाण पुरुषांहून जास्त होतं. २०१९ च्या जागतिक आकडेवारीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत अपंगत्वानिशी काढाव्या लागणाऱ्या वर्षांच्या कारणांमध्ये मायग्रेन पहिल्या क्रमांकावर आहे. मुलामुलींत लहानपणी फारसा फरक नसतो. पाळी सुरू झाल्यावर मुलींचं प्रमाण वाढत जातं आणि मोठेपणी ते पुरुषांच्या दोनतीन पट होतं. पाळीच्या सुमारास इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकदम उतरतं. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत अनेकींना झटका येतो तो त्यामुळे. गरोदरपणात तिसऱ्या महिन्यानंतर पुष्कळजणींना आराम पडतो. पाळी जाण्याच्या काळात त्रास वाढू शकतो आणि पाळी पूर्ण थांबल्यावर बहुधा कमी होतो. पुरुषांनाही हा आजार असतो. पण त्यांचं डोकं दुखलं की घरातला टीव्ही बंद होतो, एवढा फरक.

निमित्तं कोणाच्या हातात?

आता मुख्य मुद्द्याकडे येते. मायग्रेनची प्रवृत्ती उपजत असते, पुष्कळदा आईकडून किंवा वडिलांकडून आलेली. झटका मात्र निमित्तानं येतो. डॉक्टर त्याला ‘ट्रिगर’ म्हणतात, आपण निमित्त म्हणू. निमित्तांची यादी कुठल्याही आरोग्य-पुस्तिकेत मिळते: जेवण चुकणं, झोप कमी होणं किंवा वेळ बदलणं, पाणी कमी पिणं, ऊन, डोळ्यांवर येणारा झगझगीत उजेड, उग्र वास, गोंगाट, ताण, आणि ताण संपल्यावरची पहिली सुट्टी. त्याखाली सल्ला असतो: वेळेवर जेवा, सात-आठ तास झोपा, भरपूर पाणी प्या, ताण टाळा.

सल्ला खरा आहे. पण तो कोणाला दिला आहे ते बघा.

कामोठ्याचं उदाहरण घेऊ. सायन-पनवेल महामार्गाला लागून सिडकोनं वसवलेली ही वसाहत २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहे. मानसरोवर किंवा खांदेश्वर स्टेशनातून हार्बरची गाडी धरून मुंबईत नोकरीला जाणारी बाई पाचाला उठते. डबे करते, मुलाचं आवरते आणि स्वतः चहावर निघते. गाडीत तासाभराहून अधिक उभी. पहिला घास खाते तेव्हा दुपारचा एक वाजलेला असतो. रात्रीच्या जेवणानंतर ह्या घासापर्यंत किती तास झाले ते मोजा. पाणी ती मुद्दाम कमी पिते, कारण वाटेत बरं स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नाही. पाण्याचा तुटवडा ही इथली जुनी तक्रार आहे. पाणी अवेळी आलं तर भरायला कोण उठतं? तळोजा औद्योगिक वसाहतीकडून रात्री-पहाटे येणाऱ्या उग्र वासाबद्दल कामोठे, कळंबोली, खारघरचे रहिवासी वर्षानुवर्षं तक्रारी करत आले आहेत. तो वास बाईनं कसा टाळायचा? नाक घरी ठेवून?

घरकाम करणाऱ्या बाईचं ह्याहून अवघड. चार घरची कामं, फोडणीचा धूर, फरशी पुसायच्या द्रवाचा वास, दुपारच्या उन्हात ह्या इमारतीतून त्या इमारतीत. झटका आला आणि खाडा झाला तर पगार कापला जातो. दुसऱ्यांदा झाला तर काम जातं. आपल्या राज्यात २००८ साली घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यासाठी बायकांनी लढा दिला. पण आजारपणाची भरपगारी रजा हा हक्क अजून तिच्या हातात आलेला नाही.

म्हणून मला ‘निमित्तं टाळा’ हा सल्ला अर्धवट वाटतो. जेवण चुकतं कारण ती शेवटी जेवते. झोप चुकते कारण ती शेवटी झोपते आणि आधी उठते. ही निमित्तं तिच्या शरीरात नाहीत, घरातल्या कामाच्या वाटणीत आहेत. यादी तिच्या हातात देऊन आपण दुखण्याबरोबर दुखण्याचा दोषही तिलाच देतो. झटका आला की घरातले विचारतात, "आज काय केलंस?" हाच प्रश्न "आज आपण काय केलं नाही?" असा विचारायला हवा.

निमित्तं एकावर एक साचत जातात हेही समजून घ्यायला हवं. हंडा आधीच गळ्यापर्यंत भरलेला असेल तर तांब्याभर पाण्यानंही तो वाहतो. पाळीचा आदला दिवस, त्यात झोप झालेली नाही, त्यात उपास. मग नेहमी सोसणारं ऊनही त्या दिवशी सोसत नाही. पाळी आपल्याला थांबवता येत नाही, ऊनही नाही. पण त्या दोनतीन दिवसांत जेवण आणि झोप सांभाळली तर हंडा वाहायचा थांबतो, निदान काही वेळा तरी. आणि हे घराच्या मदतीशिवाय होत नाही.

न्हाणं, उपास आणि पथ्य

परदेशी पुस्तकांतल्या याद्यांत आपली सगळी निमित्तं सापडत नाहीत. "न्हायलं की डोकं धरतं" असं आपल्या आया-आज्या सांगत आल्या. त्याला कुणी शास्त्र मानत नव्हतं. मुंबईतले डोकेदुखीचे तज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी डोक्यावरून अंघोळ केल्यानं मायग्रेन उठणाऱ्या ९४ रुग्णांची निरीक्षणं २००६ साली ‘सेफलाल्जिया’ ह्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडली. बायका सांगत होत्या ते कुणीतरी ऐकून लिहून ठेवलं की त्याचं ज्ञान होतं ते असं. लांब केस ओले ठेवून घाईनं अंबाडा घालायचा आणि कामाला लागायचं, ही अनेकींची रीत. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी न्हाणं सुट्टीच्या दिवशी, पोटात काही घालून आणि केस लगेच कोरडे करता येतील अशा वेळी ठेवून पाहावं. इथे आणखी एक गुंता आहे. अनेक घरांत पाळीच्या चौथ्या दिवशी न्हायचा दंडक असतो. तेव्हा दुखणं न्हाण्यानं आलं की पाळीनं, हे नुसत्या आठवणीवर ठरत नाही. त्यासाठी लिहून ठेवायला हवं.

उपासाबद्दल बोलणं नाजूक आहे, पण बोलायला हवं. उपाशी राहणं हे मायग्रेनचं पक्कं निमित्त आहे. ज्यू लोकांच्या योम किप्पूरच्या आणि मुसलमानांच्या रमजानच्या उपासांवर ह्याचा अभ्यास झाला आहे. आपल्याकडे संकष्टी, एकादशी, सोमवार, नवरात्र आणि त्यावर निर्जळी हरताळका. श्रद्धा प्रत्येकीची आपली. मी कुणाला व्रत मोडायला सांगत नाही. पण जिला झटके येतात तिनं निर्जळी धरू नये, संकष्टीला चंद्रोदयापर्यंत कोरडं राहू नये, असं मला ठामपणे वाटतं. आणि नवऱ्याच्या आयुष्यासाठी बाईनं उपाशी राहायचं, मग दिवसभर ओकायचं, ह्यात नवऱ्याचं आयुष्य नेमकं कसं वाढतं, हा प्रश्नही एकदा घरात विचारून पाहावा.

उलट टोक पथ्याचं. अर्धशिशी म्हटली की दही बंद, केळं बंद, आंबट बंद, शेंगदाणे बंद, कुणी म्हणतं वांगंसुद्धा बंद. आधीच अंगात रक्त कमी असलेल्या बाईच्या ताटातून आणखी चार पदार्थ जातात. खरी गोष्ट अशी की एखादा पदार्थ एखादीला बाधतो, पण सगळ्यांना बाधणारी अशी यादी नाही. शिवाय झटका सुरू होण्याच्या आदल्या दिवशी काहींना गोड खावंसं वाटतं, जांभया येतात, चिडचिड होते. ही झटक्याची चाहूल असते. तेव्हा खाल्लेल्या चॉकलेटवर मग उगाच आळ येतो. सलग तीनचार वेळा तोच पदार्थ आणि तोच त्रास अशी नोंद दिसली तरच तो सोडावा. चहाचं मात्र लक्षात ठेवावं. रोज चार कप घेणारीनं एकदम चहा बंद केला तर त्यानंही डोकं धरतं. कमी करायचा तर हळूहळू.

नोंद ठेवायला वही पुरते, किंवा भिंतीवरचं कॅलेंडरही. झटक्याच्या तारखेवर खूण, पाळीच्या तारखेवर दुसरी खूण, आणि शेजारी दोन शब्द: जेवण, झोप, न्हाणं, उपास, घेतलेली गोळी. तीन महिन्यांत बाईला आपल्या दुखण्याचा नकाशा कळतो. डॉक्टरपुढे ती वही ठेवली की ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणणं डॉक्टरलाही कठीण जातं. आणि ते कॅलेंडर स्वयंपाकघरात लावावं. घरातल्या सगळ्यांना दिसू दे.

गोळी: उशिरा, जास्त आणि चुकीची

औषधांच्या बाबतीत तीन चुका सर्रास होतात.

पहिली, उशीर. "बघू, थांबेल" म्हणत बाई सोसते आणि उलटी सुरू झाल्यावर गोळी घेते. झटक्यात पोटाचं काम मंदावतं, तेव्हा गोळी लागू पडत नाही. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन यांपैकी जे डॉक्टरांनी सांगितलं असेल ते दुखणं सुरू होताच पुऱ्या मात्रेत घ्यावं, सोबत लागलं तर मळमळीचं औषध. ह्यानं भागत नसेल तर सुमाट्रिप्टानसारखी खास मायग्रेनची औषधं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली सुमाट्रिप्टान अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. हृदयविकार किंवा अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्यांना ते चालत नाही. गरोदर बाईनं कुठलीही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. अर्गोटामिन तर मुळीच नाही.

दुसरी चूक, जास्त घेणं. औषधाच्या दुकानातून दोन-दोन गोळ्या सुट्या आणायच्या आणि रोज एक पोटात टाकून कामाला लागायचं, हे मी फार पाहते. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान, अर्गोटामिन किंवा मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त घेतल्या तर गोळ्यांमुळेच डोकं रोज दुखू लागतं. आठवड्यात दोन दिवसांहून जास्त गोळी लागत असेल तर गोळी बदलून भागणार नाही, उपचाराची दिशा बदलायला हवी.

तिसरी चूक, झटके टाळायचं औषध असतं हेच माहीत नसणं. महिन्यात चार किंवा अधिक दिवस जात असतील तर रोज घ्यायची प्रतिबंधक औषधं मिळतात. प्रोप्रॅनोलॉल आणि अमिट्रिप्टिलीन ही त्यांतली जुनी आणि स्वस्त. परिणाम दिसायला दोनेक महिने लागतात, म्हणून मधेच सोडू नयेत. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. व्हॅल्प्रोएट ह्या औषधानं पोटातल्या बाळाला गंभीर इजा होऊ शकते. मूल होण्याच्या वयातल्या मुलींना आणि स्त्रियांना ते देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट सांगितलं. टोपिरामेटही गर्भाला धोक्याचं आहे. तेव्हा चिठ्ठीवर काय लिहिलं आहे ते विचारा. विचारणं हा उद्धटपणा नव्हे. सीजीआरपीला रोखणारी नवी इंजेक्शनंही निघाली आहेत, पण ती आपल्या बायकांच्या खिशापलीकडची.

माला-डी देण्याआधी चार प्रश्न

एक गोष्ट मात्र प्रत्येक आशाताईला आणि नर्सबाईला माहीत असायलाच हवी. माला-एन, माला-डी यांसारख्या पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं. जिला ऑरासह मायग्रेन आहे तिनं ह्या गोळ्या कुठल्याही वयात घेऊ नयेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे, कारण मेंदूतली रक्तवाहिनी बंद होऊन अर्धांगाचा झटका येण्याचा धोका वाढतो. तरुण बाईत हा धोका एकंदरीत थोडा असतो, पण तो पूर्ण टाळता येण्यासारखा असताना का घ्यायचा? तंबाखू ओढणारीचा धोका आणखी वाढतो. ऑरा नसला तरी मायग्रेन असणाऱ्या पस्तिशीपुढच्या बाईलाही ह्या गोळ्या सुचवल्या जात नाहीत.

गोळीचं पाकीट हातात देण्याआधी विचारायचे प्रश्न फक्त चार: डोकं दुखतं का? दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमकतं किंवा दिसेनासं होतं का? हाताला मुंग्या येतात का? रक्तदाब तपासला आहे का? तांबी आहे, इस्ट्रोजेन नसलेली ‘छाया’ गोळी आहे. आणि निरोध व पुरुष नसबंदी यांनी आजवर एकाही बाईचं डोकं दुखवलेलं नाही, हेही सांगून टाकावं.

दुखण्यामागे मार असेल तर

मी समाजकार्यात काम करते, म्हणून हा मुद्दा सोडता येत नाही. प्रत्येक डोकेदुखी मायग्रेन नसते आणि मायग्रेन म्हणून गप्प बसण्यासारखीही नसते. डोकं भिंतीवर आपटलं म्हणून दुखतं, हे बाई पहिल्या भेटीत सांगत नाही. एकटीला, शांतपणे, "घरी कुणी हात उचलतं का?" असं विचारावं लागतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानं तिला संरक्षण मागता येतं. पण विचारणाऱ्यानं ‘म्हणजे तुझं दुखणं मनाचंच’ असा निष्कर्ष काढू नये. मार खाणाऱ्या बाईला मायग्रेनही असू शकतो. तिला दोन्हींवर मदत हवी.

काही खुणा दिसल्या तर वही-कॅलेंडर बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठायचा: क्षणात शिगेला गेलेलं, आयुष्यात कधी झालं नव्हतं असं दुखणं, ताप आणि मान आखडणं, हातपाय लुळा पडणं, बोलता न येणं, फिट येणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेलं दुखणं. आणि गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत उठलेली जोराची डोकेदुखी. ती वाढलेल्या रक्तदाबाची किंवा मेंदूतल्या शिरेत झालेल्या गुठळीची असू शकते. ‘ओल्या बाळंतिणीला वारा लागला’ म्हणून कानाला फडकं बांधून तिला घरात ठेवू नका.

मागायचं काय?

आजारावरचा उपाय गोळीत आहे, पण तेवढ्यातच नाही. म्हणून मागण्या तीन ठिकाणी करायला हव्यात.

घरात: सगळ्यांनी एका वेळी जेवायचं, सकाळी बाईनं खाऊन बाहेर पडायचं, पाणी भरण्याच्या पाळ्या लावायच्या. झटका आला की एक खोली अंधारी आणि शांत, एक माणूस मुलांकडे, आणि ‘किती वेळ झोपणार?’ हा प्रश्न बंद. एका खोलीच्या घरात दारावर चादर टाकून आणि टीव्ही बंद करूनही हे जमतं.

कामाच्या ठिकाणी: दोन घास खाण्याची आणि पाणी पिण्याची सुट्टी, स्वच्छ संडास, आजारपणाच्या खाड्याला पगार. बचत गटातल्या ज्या बायका स्वतः घरकामाला बाई ठेवतात त्यांनी हे आधी आपल्या घरात करावं.

महापालिकेकडे: पनवेल महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत आठवड्यातून एक दुपार डोकेदुखीसाठी, डॉक्टरला ऐकून घ्यायला वेळ मिळेल अशी, प्रोप्रॅनोलॉल आणि अमिट्रिप्टिलीन कायम शिल्लक, गर्भनिरोधक गोळीआधी ते चार प्रश्न. कामोठ्यात एमजीएमचं मोठं वैद्यकीय महाविद्यालय आहे, पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे. डॉक्टर जवळ आहेत. डोकं दुखतं म्हणून तिथं जाण्याचा हक्क आपल्याला आहे, हे बायकांना वाटायला हवं.

‘खाजगी ते राजकीय’ असं आपण म्हणत आलो. कोण आधी जेवतं आणि कोण शेवटी झोपतं ह्याहून खाजगी काय असतं? पण त्यावरच कुणाचं डोकं दुखणार हे बरंचसं ठरतं. तेव्हा पुढच्या बैठकीत कंबर आणि गुडघ्यांबरोबर डोक्याबद्दलही विचारा. आणि कुणी "माझं डोकं दुखतंच" म्हणाली, तर त्या ‘च’वर थांबा. तिथून बोलायला सुरुवात करा.